नाझरसाहेबांचा पिवळा रुमाल

नाझरसाहेबांच्या पिवळ्या रुमालाच्या एका टोकाला चिंचोके बांधलेले असत. चिंचोक्यांशिवाय रुमाल लांब जात नाही, वाऱ्यावर तरंगतो आणि भलत्याच माणसाच्या अंगावर पडतो, असा त्यांचा अनुभव होता. भलत्याच माणसाच्या अंगावर पडलेला न्याय त्यांनी नोकरीभर पाहिला होता, त्यामुळे या बाबतीत ते फार काटेकोर होते. रुमाल त्यांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, हळदीत रंगवलेला. धुतला की फिका पडे, मग पुन्हा हळद. "आमच्या घरात वरणाला लागत न्हाई तेवढी हळद त्या रुमालाला लागते," असं काकू म्हणत.

मी अंबडच्या कॉलेजात नोकरीला लागलो आणि त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. पहिल्याच दिवशी, चांगला भाडेकरू वाटावं म्हणून, मी म्हणालो की माझं राहणं साधं असतं आणि माझा कोणाला कधी त्रास होत नाही. पायाशी काहीतरी टप्प करून पडलं. पाहतो तर पिवळा रुमाल.

"सोताची तारीफ," नाझरसाहेब म्हणाले. "पाच यार्ड."

मला पाच पावलं मागे, थेट जिन्यापर्यंत, जावं लागलं. तिथून मग बोलणं पुढे सुरू झालं.

नाझर म्हणजे दिवाणी कोर्टातला, समन्स आणि जप्त्या बजावणाऱ्या बेलिफांवरचा अंमलदार. न्याय न्यायाधीश देतात. तो लोकांच्या दारापर्यंत नेऊन टाकायचं काम नाझरचं. न्याय दारात येईपर्यंत दाद मागणारा माणूस बहुधा राहत नाही, दार तेवढं राहतं, असं त्यांचं मत होतं. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती, पण गाव त्यांना नाझरसाहेबच म्हणे. घरातही त्यांना नावाने हाक मारणारं कोणी उरलं नव्हतं.

रुमालाचं मूळ टीव्हीत होतं. पुण्याच्या मुलाने रंगीत टीव्ही आणून दिला, केबल आली, आणि जगातले इतके कार्यक्रम सोडून नाझरसाहेब नेमके एका विचित्र खेळापाशी थांबले. युरोपातल्या पाच-सहा शहरांत कोणीतरी अमेरिकन फुटबॉलचे व्यावसायिक संघ उभे केले होते. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. खांद्यांवर गाद्या, डोक्यावर लोखंडी जाळीचं टोपडं आणि दुधी भोपळ्याच्या आकाराचा चेंडू छातीशी धरून एकमेकांवर आदळायचं. एप्रिल ते जून असा त्यांचा हंगाम. म्हणजे आमच्याकडे लग्नसराई, आंबे आणि कोर्टाची सुट्टी. सामने मंगळवारी दुपारी पुन्हा दाखवत. निकाल आधीच कळून मजा जाण्याची भीती अंबडमध्ये नव्हती. आमच्या वर्तमानपत्रात जालन्याच्या मोंढ्याचे, म्हणजे धान्यबाजाराचे, भावसुद्धा शिळे असत.

एकदा केबलवाल्या बब्बूने तो चॅनल काढून टाकला. नाझरसाहेब छत्री घेऊन त्याच्या दुकानात गेले. मी सोबत होतो.

"साब, वो खेल कौन देखता? पूरे अंबड में दो घर," बब्बू म्हणाला. "बंद किया तो दोइच घर से आदमी आया."

"मंग दोन घरं काय कमी हायेत का? मुद्दई आन् मुद्दाले, वादी आन् प्रतिवादी. कोर्ट चालतं तेवढ्यावर."

चॅनल परत आला. दुसरं घर कोणतं, हे त्यांनी विचारलं नाही. मीही नाही.

त्या खेळात त्यांना चेंडूपेक्षा पंच आवडे. "सर, हे बघा," ते मला टीव्हीसमोर बसवून सांगत. "गुन्हा झाला. पंचानं फेकलेला पिवळा रुमाल पडला. पट्ट्यापट्ट्याच्या सदऱ्यातला पंच मधोमध येऊन उभा राह्यला, माईक चालू केला, कोण्या नंबरनं काय केलं ते साऱ्या मैदानाला सांगितलं, यार्ड मोजले, आन् खेळ चालू. वकील न्हाई, नक्कल न्हाई, मुदतीचा अर्ज न्हाई. एवढ्या वेळात आमच्याकडं शिपायाची पहिली हाकबी पुरी होत न्हाई. आन् तो पळतो, ते बघा! न्यायाधीशानं पळायलाच पाह्यजे. खुर्ची भेटली की झोप येती."

खेळाचे नियम त्यांनी मला कोर्टाच्या भाषेत शिकवले. चेंडू ज्या पक्षाकडे, त्याला चार संधी. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलं तर पुन्हा नव्याने चार संधी, नाहीतर चेंडू विरुद्ध पक्षाला. संधीला ते तारीख म्हणत. पहिली तारीख, दुसरी तारीख. "चार तारखांत दहा यार्ड. आमच्याकडं चाळीस तारखांत वकिलाचा कोट तेवढा हालतो."

त्यांचा संघ हिरव्या सदऱ्यांचा, जर्मनीतल्या एका नदीकाठच्या शहराचा. तोच का, तर आदल्या हंगामात तो शेवटून पहिला आला होता. खेळाडू बहुतेक अमेरिकेतले. तिथल्या मोठ्या संघांत जागा नाही म्हणून उन्हाळ्यापुरते इकडे धाडलेले. नाझरसाहेब म्हणत, "डेप्युटेशनवरची पोरं हायेत. मी भोकरदनला होतो डेप्युटेशनवर, मला विचारा. माणूस तिथं एक तर बिघडतो न्हाई तर सगळ्यात चांगलं काम करतो, कारण घरचं कोणी बघत नसतं." संघात काही माणसं त्या देशातलीच घ्यावीत असा नियम होता. त्यामुळे चेंडू लाथ मारून दोन खांबांच्या मधून धाडणारा एक सडपातळ जर्मन पोरगा होता. त्याला ते 'स्थानिक उमेदवार' म्हणत आणि त्याच्यावर त्यांचा विशेष जीव होता.

पण ज्या नियमाने ते या खेळाचे कायमचे झाले, तो निराळा. एका सामन्यात विरुद्ध पक्षाच्या माणसाने हिरव्या खेळाडूचा सदरा मागून ओढला. तरी पठ्ठ्याने चेंडू झेलला आणि पार पुढे निघून गेला. रुमाल पडलेला होताच. पंच हिरव्यांच्या कप्तानापाशी गेला, काहीतरी विचारलं, कप्तानाने मान हलवली. पंचाने माईकवर जाहीर केलं की दंड नाकारला.

मी म्हणालो, "दिलदार दिसतो कप्तान. माफ केलं."

रुमाल माझ्या मांडीवर पडला.

"माफी न्हाई सर. नीट बघा. दंड घेतला असता तर भेटले असते पाच यार्ड. झाल्या चालीत भेटले तीस. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच इचारायचं, बाबा, तुला कायदा देतो ते पाह्यजे का झालंय ते पाह्यजे? बस. हा प्रश्न आमच्या कोर्टात कोणी कोणाला कधी इचारला न्हाई. मीबी न्हाई."

त्यानंतर ते सगळ्यांनाच हा प्रश्न विचारू लागले. शाळेच्या कार्यक्रमाला प्रमुख पाहुणे म्हणून एक पुढारी येणार होते. पोरं सकाळपासून उन्हात रांगेने बसलेली. पुढारी दुपारी आले, सत्काराचे हार मोजून झाले, आणि वेळेचं महत्त्व या विषयावर भाषण सुरू झालं. नाझरसाहेब दुसऱ्या रांगेतून उठले. रुमाल व्यासपीठावर जाऊन माईकच्या बुडाशी पडला. मग ते दोन्ही हात छातीवर आडवे धरून उभे राहिले. वेळकाढूपणाची ती खूण होती, पण हे तिथे मी सोडून कोणाला माहीत असणार? मुख्याध्यापकांना वाटलं, त्यांच्या छातीत कळ आली. ते पाणी घेऊन धावले.

"पाणी पोरांना द्या," नाझरसाहेब म्हणाले. "उशीर, पाहुण्यांकडून. पाच यार्ड मागं." आणि पोरांकडे वळून मोठ्याने, "काय रे, तुम्ही ठरवा. दंड पाह्यजे का भाषण?"

"दंड!" अख्खी शाळा ओरडली.

पुढाऱ्यांना पाच यार्ड मागे जाता आलं नाही, कारण व्यासपीठ तीनमध्येच संपत होतं. पण भाषण तिथेच संपलं. पुढे त्याच पुढाऱ्यांनी एका सभेत नाझरसाहेबांचा 'आमचे जुने मार्गदर्शक' असा उल्लेख केला. पुढारी खेळ लवकर शिकतात.

एवढं सगळं खरं. पण हा माणूस स्वतः पंधरा वर्षांपासून एका दाव्यातला वादी होता, आणि प्रतिवादी होता त्याचा सख्खा चुलतभाऊ. दोघांच्या वडिलांच्या मागे घराच्या वाटण्या झाल्या. नाझरसाहेब भोकरदनला असताना भावाने मधली भिंत घातली ती हातभर अलीकडे. ती नाझरसाहेबांच्या माजघराच्या खिडकीला इतकी येऊन भिडली की खिडकीतून हात बाहेर काढला तर भिंतीला लागे. त्या भिंतीलाच धरून भावाचं स्वयंपाकघर, आणि स्वयंपाकघराचा जाळीचा झरोका बरोबर या खिडकीसमोर. नाझरसाहेबांचा उजेड गेला आणि फोडणीचा वास आला. दाव्यात दोन्ही गोष्टी स्वतंत्र कलमांत मांडल्या होत्या.

तेव्हापासून अबोला. भाऊ एसटीत वाहतूक नियंत्रक होता. अंबडच्या स्टँडवर माईकवरून गाड्या पुकारण्यात त्याची उमर गेली होती. नाझरसाहेब त्याचं नाव घेत नसत, 'पलीकडचा' म्हणत. ज्या काळात मी सांगतोय तेव्हा निकाल नाझरसाहेबांच्या बाजूने लागून गेला होता, वरच्या कोर्टातही टिकला होता. अंमलबजावणीसाठी त्यांनी दरखास्त लावली होती. मे महिन्याची सुट्टी संपली की बेलीफ येणार, भिंत पडणार, आणि भिंतीबरोबर भावाच्या बायकोची, वहिनींची, चूलही. काकू एकदा मला म्हणाल्या, "एवढ्या वरसांचा त्यांचा हट्ट हाय, मी काय बोलू? पण जावेची चूल मोडताना मला बघवणार न्हाई. त्या दिवशी मी तीर्थपुरीला लेकीकडं जाते."

त्या हंगामात हिरवा संघ सुरुवातीचे सामने हरला. नाझरसाहेब शांत. "डेप्युटेशनवर पहिला महिना खोली शोधण्यातच जातो." मग संघ जिंकू लागला. जूनच्या तोंडाशी अशी वेळ आली की साखळीतला शेवटचा सामना जिंकला तर अंतिम सामन्यात, नाहीतर घरी. त्या मंगळवारी काकूंनी पन्हं केलं, नाझरसाहेब धुतलेला सदरा घालून बसले, आणि सामना अर्ध्यावर आला असताना लाइट गेली.

सगळ्या गावाची नाही. आमची एक फेज गेली. पलीकडच्यांची दुसऱ्या फेजवर होती. झरोक्यातून सामन्याचा आवाज येतच राहिला, इंग्रजीत, अस्पष्ट. नाझरसाहेब उठून खिडकीपाशी गेले आणि गज धरून उभे राहिले. आपल्या संघाची बातमी ऐकायला शत्रूच्या भिंतीला कान लावावा लागणं हा काय प्रकार असतो, ते मला त्यांच्या पाठीकडे बघून कळत होतं.

तेवढ्यात पलीकडे टीव्हीचा आवाज एकदम बंद झाला. मला वाटलं, मुद्दाम केलं. आणि मग स्टँडवरचा तो जुना, घोटलेला आवाज आला.

"अगं, ऐकलं का! तिसरी तारीख! सात यार्ड बाकी!"

"मला काय करायचं त्याचं?" वहिनींचा आवाज. "भाकर करपून राह्यली इथं."

"हिरव्यावाल्यांकडं चेंडू हाय! नंबर चौतीस चेंडू घेऊन निघालेला हाय! डाव्या बाजूनं... चाळीस यार्डाच्या फलाटावर लागला!"

मी आणि काकूंनी एकमेकांकडे पाहिलं. संधीला 'तारीख' म्हणणारा माणूस जगात एकच होता आणि तो आमच्या खिडकीत उभा होता. म्हणजे पलीकडच्याने हा खेळ या खिडकीतूनच शिकला होता. वैरी एवढा कशावर ओरडतो ते बघावं म्हणून बसला असेल, आणि अडकला. बब्बूचं दुसरं घर हे.

"रुमाल पडला गं!" पलीकडून आरोळी आली, आणि पुढे काहीच नाही. स्टँडवरही तो असाच करायचा. गाडीचं नाव सांगून जरा थांबायचा.

नाझरसाहेब विचारणार कसे? पंधरा वर्षं अबोला. ते वळले आणि चार हातांवर बसलेल्या काकूंना, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, रुमाल कोणावर पडला असंल गं?"

काकूंनी हातातलं सूप खाली ठेवलं.

पलीकडून आवाज आला, "अगं, विरुद्ध पक्षावर पडला म्हनावं! पंधरा यार्ड!"

"कोणाला म्हनावं?" वहिनींनी विचारलं.

शेवटी स्थानिक उमेदवार आला. वारा होता, लांबून मारायचं होतं, चुकलं तर हंगाम संपला; हे सगळं आम्हाला भिंतीतून कळत होतं. "मारला..." म्हणून तो थांबला. या वेळी तो सवयीने थांबला नव्हता, त्याच्याच्याने बोलवत नव्हतं. मग एकदम, "गेला! गेला गं, गेला!"

"अगं बाई, कोण गेलं?" म्हणत वहिनी धावल्या. इकडे नाझरसाहेबांनी गजावर इतक्या जोराने हात मारला की काकूंना तेल लावून द्यावं लागलं.

पुढच्या आठवड्यात अंतिम सामना. त्या दिवशी लाइट दोन्हीकडे होती. टीव्ही लावला, खेळ सुरू झाला, आणि थोड्याच वेळात नाझरसाहेबांनी उठून आपला टीव्ही बंद केला. "डोळे चुरचुरून राह्यले," म्हणाले, आणि खुर्ची उचलून खिडकीपाशी नेली. पलीकडच्याला आमचा टीव्ही बंद झालेला कळला असणारच. त्याने आपला आवाज कमी केला आणि पुकारायला सुरुवात केली. मीही तो सामना असाच पाहिला, म्हणजे ऐकला. संघ हरला. मग झरोक्यातून आवाज आला, हलक्या स्वरात. "आपण हारलो."

"मी कशाला हारते?" वहिनी म्हणाल्या. 'आपण' या शब्दात आपल्याला धरलेलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आता काहीतरी होईल, असं मला वाटत होतं. काही झालं नाही. नाझरसाहेबांनी दरखास्तीचं नाव काढलं नाही, आणि विचारायची माझी छाती झाली नाही. कोर्टं उघडली. एका सकाळी बेलीफ आला, दोन मजूर आणि पहारी घेऊन. हा बेलीफ एके काळी नाझरसाहेबांच्याच हाताखाली होता. त्यांना पाहून त्याने सवयीने चपला बाहेर काढल्या. काकू तीर्थपुरीला गेल्या नव्हत्या. दारात उभ्या होत्या.

बेलिफाने हुकूम वाचून दाखवला. पलीकडच्या अंगणात भाऊ येऊन उभा राहिला होता. अंगणात भिंत बुटकी होती, तिच्यावरून त्याची फक्त टोपी दिसत होती. ती हलत नव्हती. झरोक्याच्या जाळीमागे वहिनी भांडी उतरवत होत्या, एकेक करून, आवाज न करता. त्यांनी विनवण्या केल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. मजुराने पहार उचलली.

पिवळा रुमाल येऊन भिंतीच्या बुडाशी पडला. मजूर थांबला.

नाझरसाहेब अंगणाच्या मधोमध जाऊन उभे राहिले, शाळेतल्यासारखे ताठ. काकूंकडे तोंड केलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, "अगं, ऐकलं का! गुन्हा, पलीकडच्यांकडून! हातभर!" मग थोडं थांबले. थांबायचं कुठे, हे तेही शिकले होते. "दंड नाकारला!"

बेलीफ माझ्याकडे बघू लागला. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, "साहेब, पंधरा वर्षं लढलात, आणि माफ केलंत?"

"माफी न्हाई सर, किती वेळा सांगू?" ते दबक्या आवाजात, जवळजवळ चिडून म्हणाले. "भिंत पाडली तर नवी बांधतील हातभर पलीकडं. नव्या भिंतीला झरोका ठेवतील कशावरून? आन् ठेवला तरी खिडकीसमोर येईल कशावरून? कायदा मला हातभर जागा देतो. झाल्या चालीत मला..." त्यांनी झरोक्याकडे पाहिलं. "बराबर हाय हिशोब."

"साहेब, पण मी वर काय लिहून देऊ?" बेलिफाने विचारलं. "कोर्टात असं काही बसत न्हाई."

"लिही, डिक्रीदाराला झालं ते मान्य. सही मी करतो."

ते वाकले, रुमाल उचलला, माती झटकली आणि चिंचोक्यांची गाठ जागेवर आहे का ते चाचपून पाहिलं. भिंतीवरची टोपी अजून तशीच होती. मग ती जराशी हलली, आणि स्टँडवरून जालन्याची गाडी पुकारावी तसा खणखणीत आवाज आला, पण मध्येच कुठेतरी चिरकलेला.

"अगं, ऐकलं का! पहिली तारीख! नव्यानं दहा यार्ड!"

जाळीमागे भांडी परत फळीवर चढू लागली, आता चांगली आदळत.

"मला काय करायचं त्याचं?" वहिनी म्हणाल्या. "चहा किती जणांचा टाकू, ते सांगा."